वाटणीआधीची उचल : वारसाचं काम कोर्टात असताना घरखर्चाला पैसे कसे उभे करायचे

वडील जाऊन महिना-दीड महिना झालेला असतो. खात्यावर सात-आठ लाख आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वारस दाखल्याचा अर्ज पडलेला असतो, वकिलांनी पुढची तारीख सांगितलेली असते. इकडे धाकटीची फी भरायची असते, आईची शुगरची औषधं संपत आलेली असतात, दवाखान्याचं बिल थोरल्याने मित्राकडून उसने घेऊन भागवलेलं असतं. पैसे आपलेच, पण हात लावता येत नाही. मी कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. समोर येऊन बसणारं माणूस कागद पुढे सरकवता सरकवता शेवटी एकच विचारायचं, "साहेब, आमच्याच पैशातली थोडी उचल मिळंल काय ओ?"

उचल म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजवावं लागत नाही. ऊस कारखान्याला गेला की अंतिम दर ठरायच्या आधी पहिली उचल मिळते, हिशेब मागाहून होतो. वारसाच्या पैशाची अशी उचल अमेरिकेत मिळते. तिथे मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याची कोर्टाकडून मान्यता घेण्याचं काम, चालू असताना काही खासगी कंपन्या वारसाला आगाऊ रक्कम देतात आणि बदल्यात त्याच्या हिश्श्यातला ठरावीक भाग स्वतःच्या नावावर लिहून घेतात. इस्टेटीचं वाटप झालं की कंपनी आपला भाग तिथूनच घेते. इस्टेट कमी पडली तर वारसाच्या खिशातून सहसा वसुली होत नाही, म्हणून त्या जोखमीची किंमत भरपूर लावलेली असते. समजा आज १० हजार डॉलर घेतले तर पुढे १४ हजार सोडावे लागतील, अशा पद्धतीचा तो व्यवहार.

आपल्याकडे बँका हातात न आलेल्या वारसाहक्कावर कर्ज देत नाहीत. वडील हयात असताना तर "पुढे मला मिळेल" या आशेवर काही विकता किंवा गहाण ठेवताच येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६ मध्ये तशी स्पष्ट मनाई आहे. वडील गेल्यानंतर हक्क उभा राहतो, पण तो कागदावर यायला वेळ लागतो. या मधल्या काळात बाहेरच्या माणसाकडून हिश्श्यावर पैसे उचलणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना तशी गरजच नव्हती. कोर्टाची वाट न बघता मिळणारे पैसे त्यांच्या घरात होते, ते त्यांनी शोधलेच नव्हते. उरलेली नड भावंडांत लिहून-सवरून भागली असती. पुढे सांगितलेला क्रम याच अनुभवातून आला आहे. तो मोडू नका.

आधी कोणता पैसा कोर्टात अडकतो ते बघा

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. दाखला माणूस राहत होता तिथला मिळत नाही, मृत्यू जिथे झाला तिथला मिळतो. राधानगरीचा माणूस कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात गेला तर दाखला कोल्हापूर महानगरपालिकेतून काढायचा, गावच्या ग्रामपंचायतीतून नाही. यात हेलपाटे घालणारे मी कितीतरी पाहिले. नोंद २१ दिवसांत करून घ्या आणि एकाच वेळी दहा प्रती काढा. बँक, विमा, पीएफ, तलाठी, कोर्ट, दूध संस्था, सगळीकडे लागतात.

मग वडिलांची सगळी पासबुकं टेबलावर मांडा. गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी बोटाने एकेक करत वाचा. हे काम घाईत करू नका. मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची कपात आहे, म्हणजे २ लाखांचा विमा. २० रुपयांची कपात दिसली आणि मृत्यू अपघाती असेल तर सुरक्षा विम्याचे आणखी २ लाख. एकदा आजऱ्याकडच्या एक बाई वारस दाखल्याला किती खर्च येतो हे विचारायला आल्या होत्या. खात्यावर जेमतेम ११ हजार होते. पासबुक चाळताना ४३६ ची ओळ दिसली. त्यांच्या मालकांनी कधीतरी शाखेत सही केलेली, घरात कुणाला पत्ता नव्हता. ज्या ११ हजारांसाठी त्या कोर्टात जायला निघाल्या होत्या, त्याच पानावर २ लाख होते. या दोन्ही योजनांची माहिती बँकेने आपणहून द्यायला हवी, पण गर्दीत राहून जाते. तुम्हीच विचारा, आणि लवकर विचारा.

एलआयसी किंवा इतर आयुर्विम्याचे पैसे नॉमिनीला थेट मिळतात, कोर्टाचा दाखला लागत नाही. चौकशीची गरज नसेल तर दावा १५ दिवसांत निकाली काढावा असं विमा नियामकाचं बंधन आहे. वडील एमआयडीसीत, गोकुळ शिरगावला किंवा कागल-हातकणंगलेच्या पट्ट्यात नोकरीला असतील तर पीएफबरोबर ईडीएलआयचा विमा असतो. त्याची कमाल रक्कम ७ लाख. लोक पीएफ मागतात आणि हा मागायचा विसरतात. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं नोकरीची अट असते, पण नोकरीत असताना मृत्यू झाला तर ती अट लागू होत नाही. "तीनच वर्षं झाली होती, काही मिळणार नाही" असं कंपनीच्या गेटवर कुणी सांगितलं तर ऐकून परत फिरू नका. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेतून २ लाखांचं सानुग्रह अनुदान आहे, त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.

बँकेतले पैसे : दाखला लागतोच असं नाही

खातं दोघांच्या नावावर आणि "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो" अशा अटीचं असेल तर हयात असलेल्याला पैसे मिळतात. नॉमिनी असेल तर नॉमिनीला मिळतात. या दोन्हींत कोर्टाचा दाखला मागायचं कारण नाही.

दोन्ही नसतील तर रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश कामी येतात. मयत ग्राहकाच्या दाव्यासाठी ते आता सगळ्या बँकांना बंधनकारक आहेत. वाद नसेल आणि मृत्युपत्राची भानगड नसेल तर सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंतची रक्कम कोर्टाच्या दाखल्याशिवाय द्यायची आहे. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, हमीपत्र, पैसे न घेणाऱ्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि वारसांबद्दल प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर काम होतं. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरावर आणखी ४ टक्के व्याजाने भरपाई. मुदतठेव मुदतीआधी मोडली तरी दंड लावायचा नाही. माझ्या वेळी हे इतकं सोपं नव्हतं, शाखाशाखांत वेगळे रिवाज होते. म्हणून आज कुणी तुम्हाला जुन्या सवयीने "कोर्टातून आणा" म्हटलं तर नम्रपणे सांगा, "साहेब, तेवढं लेखी द्या." बऱ्याचदा तिथेच फाइल हलते.

पतसंस्थेला हे निर्देश लागू नाहीत. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तिथे तिचे उपविधी आणि नॉमिनेशनचा अर्ज बघावा लागतो. कोल्हापुरात घरटी एखादी पतसंस्थेतली ठेव असतेच, म्हणून हे वेगळं सांगितलं.

नॉमिनीबद्दल एक गोष्ट घरात सगळ्यांसमोर बोलून टाका. बँकेतल्या पैशाचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, ते वारसांचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. थोरल्याच्या नावाने नॉमिनेशन आहे म्हणून थोरल्याने ठेवून घेतले, इथे निम्मी भांडणं सुरू होतात.

आणि एटीएम. माझ्या स्वतःच्या घरातलं सांगतो. आमचे वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी थोरल्या भावाने त्यांच्या कार्डावर ३८ हजार काढले. दवाखान्याचे द्यायचे राहिले होते, त्याने एक रुपयाही स्वतःला ठेवला नाही, पावत्याही होत्या. पण सांगितलं कुणालाच नाही. सहा महिन्यांनी पासबुक भरून आणल्यावर बहिणीने ती ओळ बघितली, तारीख बघितली, आणि काही न बोलता पासबुक मिटून ठेवलं. पुढची पाच वर्षं ती भाऊबीजेला आली नाही. मयत माणसाचं कार्ड, यूपीआय, सही केलेला कोरा चेक, काहीही वापरू नका. बँकेच्या दृष्टीने ते चुकीचं आहेच, घराच्या दृष्टीने फार महाग पडतं.

शेती आणि दूध : चालू उत्पन्न थांबू देऊ नका

ज्यांचं घर शेतीवर चालतं त्यांची खरी उचल इथे आहे. म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत. गावच्या दूध संस्थेत वडिलांच्या नावावर बिल निघत असेल तर दहा दिवसांचं पुढचं बिल निघायच्या आत सचिवांना भेटा, सगळ्या वारसांच्या सहीचं पत्र द्या आणि दूध आईच्या किंवा ज्याच्याकडे जनावरं आहेत त्याच्या नावावर घालायला लागा. हे एका आठवड्यात होतं आणि किराण्याचा प्रश्न सुटतो.

उसाचं तसंच. तुटायच्या आधीच कारखान्याच्या शेती विभागात ऊस नोंद वारसांपैकी एकाच्या नावावर करून घ्या, बाकीच्यांची संमती जोडून. नाहीतर ऊस जातो, बिल गोठलेल्या खात्यावर पडतं आणि तेही कोर्टाच्या दाखल्यात अडकतं. कायद्याने एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची असते, म्हणजे हंगामात ही रक्कम कुठल्याही दाखल्याआधी हातात येते. सभासदत्वाचा शेअर मात्र वेगळा विषय आहे. तो नॉमिनी किंवा वारसाकडे वर्ग व्हायला संचालक मंडळाचा ठराव लागतो, घाई करू नका.

त्याच वेळी गावात वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही करता येतं. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसांची चौकशी करतात, नमुना ६-क मध्ये नोंद होते, फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर नावं लागतात. याला कोर्टाच्या दाखल्याची गरज नाही. शहरात घर असेल तर नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर आणि महापालिकेत घरफाळ्याला नाव लावायचं. घरफाळ्याला नाव लागलं म्हणजे मालकी आली असं समजू नका, ती फक्त कर कुणी भरायचा याची नोंद आहे. पण सातबाऱ्यावर वारस लागल्याशिवाय विकास सेवा संस्था नवं पीककर्ज देत नाही, म्हणून ही पायरी लवकर उरका.

वारसांची नावं देताना दोन माणसं हमखास राहतात : लग्न झालेल्या मुली आणि आजी. मृत माणसाची आई हयात असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात ती पहिल्या वर्गातली वारस आहे, बायकोमुलांच्या बरोबरीची. आजीचं नाव वगळलेला अर्ज पुढे हमखास अडतो, आणि मग बाकी सगळं परत करावं लागतं. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात, तिथे आधी जाणत्या वकिलाला विचारा.

आईचं सोनं

स्त्रीधन वडिलांच्या इस्टेटीत येत नाही. ते आईचं आहे, त्यावर वाटणी नाही, आणि त्यावर कर्ज काढायला कुणाच्या दाखल्याची वाट बघावी लागत नाही. मधल्या सहा-आठ महिन्यांसाठी सोनेतारण कर्ज हा मला सगळ्यांत सरळ मार्ग वाटतो, एकाच अटीवर : आईने स्वतः म्हटलं पाहिजे. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्याकडे बघत कुणी तो विषय काढू नये.

कोल्हापुरी साज घेऊन जाणार असाल तर एक तयारी मनाची ठेवा. साजाचे जवमणी आतून लाखेने भरलेले असतात. काउंटरवर बँकेचा सराफ काटा लावतो, आकडा दिसतो, आई समाधानाने मान हलवते, आणि मग तो लाख, खडे, दोरा यांची घट धरून निव्वळ सोन्याचं वजन लिहितो. माझ्यासमोर एकदा ३८ ग्रॅमचा साज २६ वर आला. त्या माउलीने एकवीस पानं एकेक करून मोजली, काही काढून घेतलं की काय म्हणून. म्हणून बांगड्या, पाटल्या असे भरीव दागिने तारणाला न्या आणि साज घरी राहू द्या. कर्जही जास्त मिळतं आणि मनालाही कमी लागतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पुढे ५ लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. वडिलांची अंगठी, गोफ मात्र इस्टेटीत येतात. ते गहाण टाकायचे तर सगळ्यांची संमती हवी.

भावंडांतली उचल

एवढं करूनही कमी पडलं तर आता खरी उचल. ज्याच्याकडे पैसे आहेत त्या वारसाने नड असलेल्या वारसाला द्यायची आणि वाटपाच्या वेळी वजा करायची. लोक हे तोंडी करतात आणि तिथेच बिघडतं. पैसे बँकेतून द्या, रोख नको. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख उसने घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि रोखीचा पुरावाही उरत नाही. कागद साधा असावा. मी लोकांना साधारण असा मजकूर सांगायचो :

"आम्ही खाली सही करणारे कै. … यांचे वारस आहोत. त्यांच्या बँक ठेवींबाबत दाखल्याचा अर्ज प्रलंबित आहे. आमच्यापैकी … यांनी … यांना दि. … रोजी रुपये … बँकेमार्फत दिले आहेत. ही रक्कम घेणाऱ्याच्या हिश्श्यातील उचल समजावी. ठेवींची रक्कम मिळेल तेव्हा ती घेणाऱ्याच्या हिश्श्यातून प्रथम वजा करून देणाऱ्यास द्यावी. या कागदाने कोणत्याही वारसाने कोणत्याही स्थावर मिळकतीवरील हक्क सोडलेला नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. स्थावराचा हक्क सोडणं किंवा वाटणी करणं असा मजकूर कागदात आला की नोंदणी आणि मुद्रांक यांचे प्रश्न उभे राहतात, आणि बिननोंदणीचा कागद कोर्टात उपयोगाला येत नाही. उचल ही फक्त पैशाची ठेवा. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, देणाऱ्या-घेणाऱ्याच्याच नव्हे. स्टँप किती लागतो ते वकिलाला विचारून घ्या. व्याज लावू नये असं माझं मत आहे. सख्ख्या भावंडांत वर्षभराच्या रकमेवर व्याज लावून मिळतं त्यापेक्षा जातं जास्त.

दवाखाना आणि अंत्यविधीच्या खर्चाची वेगळी वही करा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३२० मध्ये अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणातला वैद्यकीय खर्च इतर कर्जांच्याही आधी इस्टेटीतून द्यावा असं म्हटलं आहे. ज्याने खिशातून घातले त्याने संकोच न करता पावत्या जपाव्यात.

हिशेब कसा बसतो बघा. समजा सहकारी बँकेत ८ लाख ४० हजार आहेत, नॉमिनी नाही. वारस चार : आई, दोन मुलगे, एक मुलगी. थोरल्याने दवाखान्याचे आणि अंत्यविधीचे १ लाख २० हजार घातले. मुलीने धाकट्याला ६० हजार उचल दिली. आधी १ लाख २० हजार बाजूला, उरले ७ लाख २० हजार, प्रत्येकी १ लाख ८० हजार. थोरल्याच्या हातात ३ लाख, धाकट्याच्या १ लाख २० हजार, मुलीच्या २ लाख ४० हजार, आईच्या १ लाख ८० हजार. बेरीज पुन्हा ८ लाख ४० हजार. ही पाच ओळींची आकडेमोड आधीच कागदावर मांडून सगळ्यांना वाचून दाखवा.

कोर्टातून लवकर काही मिळतं का

मिळतं, पण अर्ज नीट हवा. स्थावरासकट सगळ्यासाठी वारस म्हणून मान्यता हवी तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला असतो. नुसत्या बँक ठेवी, रोखे, येणी यांच्यासाठी १९२५ च्या कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. दोन्हींत जाहीर नोटीस निघते, हरकतीची मुदत असते. हरकत नसेल तर काम सरळ जातं. फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे कलम ३७२ नुसार हा अर्ज एखाद्या येण्यापुरता किंवा त्याच्या भागापुरताही करता येतो, आणि पुढे कलम ३७६ खाली प्रमाणपत्र वाढवूनही घेता येतं. पाच ठेवींपैकी एकीवरच वाद असेल तर बाकी चार तिच्यासाठी अडवून ठेवायची गरज नाही. वकिलाला हे स्पष्ट विचारा. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते, म्हणून नॉमिनीने सुटणाऱ्या ठेवी या यादीत घालूच नका.

मृत्युपत्र असेल तर प्रोबेटची सक्ती मुंबई शहरासारखी कोल्हापुरात नव्हती, तरी वाद असला की लोक घेतात. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला असेल तर मृत्युपत्राने ज्याला जे दिलंय ते वाटायला कायदा त्याला मृत्यूपासून एक वर्ष देतो, त्याआधी त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. त्याने आपणहून थोडी रक्कम आधी दिली तर चालतं, पण नंतर एखादं कर्ज निघालं तर घेतलेली रक्कम परत करावी लागू शकते, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. मृत्युपत्राच्या खरेपणावरच खटला उभा राहिला तर कलम २४७ खाली खटल्यापुरता व्यवस्थापक नेमून घेता येतो. तो वाटप करू शकत नाही, पण भाडं गोळा करणं, कर्जाचे हप्ते भरणं, घर सांभाळणं चालू राहतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायसंकुलातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आई किंवा बहीण अर्जदार असेल तर हा मार्ग जरूर घ्या. भावंडांत रकमेवरून अडलं असेल तर लोकअदालतीत तडजोड करा, तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं. उच्च न्यायालयापर्यंत जायची पाळी आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची फेरी वाचली.

वारसांत कुणी अज्ञान असेल तर त्याच्या वाट्याचं स्थावर विकायला किंवा गहाण ठेवायला आईलासुद्धा जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार तो मुलगा मोठा झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो.

या दारात जाऊ नका

हातघाईला आलेल्या वारसाला शोधत माणसं येतात. "तुझा हिस्सा मला लिहून दे, आजच्या आज दोन लाख घे." कुणी विसार म्हणून देतं, कुणी तारण म्हणून चक्क खरेदीखत करून घेतं आणि तोंडी सांगतं की पैसे फेडले की परत फिरवून देऊ. असा कागद करू नका. खरेदीखत हे खरेदीखतच असतं. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला घरात येऊन राहायचा हक्क मिळत नाही, हे तो जाणतो, म्हणूनच तो निम्म्या किमतीत मागतो. शिवाय हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने एक वारस हिस्सा विकत असेल तर बाकीच्या पहिल्या वर्गातल्या वारसांना तो घ्यायचा अग्रहक्क आहे. शेतजमिनीलाही तो लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. विकायचंच असेल तर आधी भावाला, बहिणीला लेखी विचारा.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. परवानाधारक सावकाराला राज्याने २०१४ मध्ये दर बांधून दिले आहेत : शेतकऱ्याला तारणावर ९, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८ टक्के, तेही वर्षाला. परवाना नसलेल्याने सावकारी करणं हा गुन्हा आहे, आणि त्यात जमीन गेली असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. जे अडकले आहेत त्यांनी लाजून घरी बसू नये.

घरातल्या घरात आणखी एक गोष्ट होते. बहिणीला तातडीने ५० हजार हवे असतात आणि भाऊ म्हणतो, "देतो, पण हक्कसोडपत्रावर सही कर." ही उचल नव्हे. हक्कसोड नोंदणीकृत असतं, एकदा झालं की फिरत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला सोडायचा असेल तर तिने वर्षा-दोन वर्षांनी, नड नसताना, शांत डोक्याने सोडावा.

दाखला हातात आल्यावर

प्रमाणपत्र मिळालं की बँकेत सगळे वारस एकत्र जा. रक्कम एकाच्या खात्यात घेऊन नंतर वाटण्यापेक्षा प्रत्येकाच्या खात्यावर थेट वर्ग करायचा लेखी अर्ज द्या. आधी दवाखाना-अंत्यविधीचा खर्च घातलेल्याचे, मग उचल दिलेल्याचे, मग हिस्से. सोनेतारण त्याच आठवड्यात सोडवून आईचे दागिने तिच्या हातात द्या. उचलीच्या मूळ कागदावर आडवी रेघ मारून "हिशेब पूर्ण" असं लिहा, तारीख घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एकेक झेरॉक्स प्रत्येकाने आपापल्या घरी न्या.